नडगी दुखतेय आणि शर्यत नऊ आठवड्यांवर आलीय

मागच्या अंकात म्हटलं होतं की पहिल्या ट्रायथलॉनबद्दल काय विचारायचं ते विचारा. मला वाटलं लोक विचारतील सायकल कुठली घेऊ, पाण्याची भीती कशी घालवू वगैरे, पण आली ती निम्म्याहून जास्त पत्रं दुखण्याची. नडगी, गुडघा, खांदा, घोटा. एकाने तर नुसता पायाचा फोटो पाठवलाय आणि खाली लिहिलंय "ताई, इथे". ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, पहिल्यांदा उतरणारे बरेच जण स्प्रिंट नावाचं अंतर निवडतात, म्हणजे ७५० मीटर पोहणं, २० किमी सायकल आणि ५ किमी पळणं, सलग, मधे ओले पाय पुसून बूट घालायला लागणारा वेळसुद्धा तुमच्याच खात्यात. मी डॉक्टर नाही. नवख्यांना शिकवते आणि स्वतः बऱ्यापैकी मोडून झालेली आहे, तेवढ्या अधिकारावर लिहितेय.

प्रश्न: ताई, वय ३८. दोन वर्षं सायकल चालवतोय, पोहणं मागच्या वर्षी शिकलो, पळायला सुरुवात करून दहा आठवडे झाले. तिसऱ्याच आठवड्यात ५ किमी न थांबता पळालो त्यामुळे हुरूप आला आणि आठवड्यातून पाच दिवस पळायला लागलो. आता दोन्ही नडग्या आतल्या बाजूने दुखतात, उजवी जास्त. आधी पळून झाल्यावर दुखायच्या, आता दुसऱ्या किमीलाच सुरू होतं. एक मित्र म्हणतो पळत राहा, सवय होईल. दुसरा म्हणतो महिनाभर सगळं बंद कर. शर्यतीला नऊ आठवडे आहेत, पैसे भरून झालेत. काय करू?

उत्तर: दोन्ही मित्रांना नमस्कार सांगा आणि दोघांचंही ऐकू नका. आधी एक काम करा, पायमोजे काढून खुर्चीत बसा, उजवा पाय डाव्या मांडीवर घ्या आणि अंगठ्याने नडगीच्या आतल्या कडेवरून, घोट्यापासून वर, सावकाश दाबत या. घाई नको, एकेक बोट अंतर. जर चार-पाच बोटं लांबीच्या पट्ट्यात सगळीकडेच दुखलं, इथे जरा कमी तिथे जरा जास्त, तर बहुतेक करून ते शिन स्प्लिंट्स, म्हणजे हाड आणि त्याला चिकटलेलं आवरण ताणाने चिडलेलं. पण जर एकाच ठिकाणी, नाण्याएवढ्या जागेवर, बोट टेकताच कळ मस्तकात गेली, किंवा रात्री पडल्यापडल्या ठणकतं, किंवा साधं चालतानाही दुखतं, तर हे पत्र बाजूला ठेवा आणि हाडांच्या डॉक्टरांकडे जा, आज पळू नका, उद्याही नको. ते स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे सततच्या ताणाने हाडाला गेलेला बारीक तडा, असू शकतं. आणि "एका पायावर उड्या मारून बघ दुखतं का" असं कोणी सुचवलं तर अशा वेळी त्या मारू नका, तडा गेलेला असेल तर उगाच वाढेल.

हे इतक्या पोटतिडकीने का सांगतेय तर मी हेच केलं होतं. एका दवाखान्यात एक्सरे काढला, एक्सरे स्वच्छ, मी खूश, दुसऱ्या दिवशी बूट घालून बाहेर. मला कोणी सांगितलंच नाही की स्ट्रेस फ्रॅक्चर पहिले दोन-तीन आठवडे एक्सरेत बऱ्याचदा दिसतच नाही, ते दिसतं एमआरआयमध्ये. बाराव्या दिवशी सिग्नल ओलांडताना पाय टेकवेना. माझ्या पहिल्या शर्यतीला मी शेवटी व्हॉलंटियर म्हणून गेले, सायकलवर बसायच्या रेषेपाशी उभी राहून लोकांना "हेल्मेटची क्लिप, हेल्मेटची क्लिप" असं ओरडत होते, काखेत कुबडी.

आता तुमचं नेमकं काय चुकलं. तुम्हाला वाटतंय पाय कच्चे आहेत, पण गोष्ट उलटी आहे, तुमचा दम जास्त पक्का आहे. दोन वर्षं सायकल चालवून हृदय आणि फुप्फुसं तयार झालीत, म्हणून तिसऱ्या आठवड्यात ५ किमी सहज निघाले. पण सायकलवर तुमचं वजन सीटवर असतं, पाण्यात पाण्यावर, नडगीने हा धक्का आजवर खाल्लेलाच नव्हता. हाडावर नवा ताण आला की शरीर आधी तिथलं जुनं हाड थोडं पोखरून काढतं आणि मग तिथे नवं, पक्कं भरतं, भिंतीचं पोपडे आलेलं प्लास्टर खरवडून नवीन करतात ना तसं. खरवडायला काही आठवडे लागतात आणि भरून घट्ट व्हायला काही महिने. म्हणजे मधे एक काळ असा येतो की हाड आधीपेक्षा नाजूक झालेलं असतं, आणि नवख्या माणसाचा नेमका त्याच काळात दम वाढतो आणि हुरूपही. दम म्हणतो चल, नडगीला कोणी विचारतच नाही.

शिन स्प्लिंट्सच असतील असं धरून पुढचं सांगते. दोन आठवडे पळणं बंद. फक्त पळणं! सायकल चालू, पोहणं चालू, पण तलावाच्या भिंतीला पायाने जोरात रेटा देऊन वळायचं नाही, नडगीला तो रेटा आवडत नाही. आणि पळायचे जे दिवस होते त्या दिवशी पाण्यात पळा. खोल बाजूला, कमरेला फोमचा पट्टा, पाय तळाला लागता कामा नयेत, अंग सरळ किंचित पुढे झुकलेलं, आणि खरंच पळताना मारता तसे हात मारायचे. भयंकर कंटाळवाणं आहे हे आधीच सांगते, म्हणून एक मिनिट जीव तोडून आणि तीस सेकंद हळू असं करा, वीस मिनिटांत जीभ बाहेर येते. आजूबाजूची पोरं हसतील, हसू दे. ब्रिटनचा ट्रायथलॉनपटू अ‍ॅलिस्टर ब्राउनलीचं अ‍ॅकिलिस (टाचेमागचा स्नायूबंध) २०१२ च्या सुरुवातीला फाटलं होतं, पळणं बंद, तेव्हा तोही पाण्यातच पळत बसला होता, आणि त्याच ऑगस्टमध्ये लंडन ऑलिंपिकला त्याने सोनं घेतलं, शेवटचे १० किमी २९ मिनिटं ७ सेकंदांत. तुमचं आमचं तसं होणार नाहीये, त्याच्या मागे अख्खी टीम होती, पण पाण्यात पळणं म्हणजे म्हाताऱ्यांचा व्यायाम असं जे तुमच्या मित्रांना वाटतं तेवढं तरी डोक्यातून जाऊ दे.

या दोन आठवड्यांत पोटऱ्यांचा व्यायाम रोज. भिंतीला हात टेकून टाचा उचलायच्या, आधी गुडघा सरळ ठेवून, मग गुडघा थोडा वाकवून, कारण वाकवल्यावर पोटरीचा आतला स्नायू काम करतो आणि पळताना नडगीचा भार तोच पेलतो. दोन्ही पायांवर वीस-पंचवीस सहज जमले की एकेका पायावर. टाच वर न्यायला दोन सेकंद, खाली आणायला तीन, धपकन सोडायची नाही. बहुतेकांना एका पायावर दहाच्या पुढे गेलं की पोटरी थरथरते आणि मग कळतं की आपण कशाच्या जोरावर ५ किमी पळत होतो.

परत पळायचं कधी, तर सलग ४५ मिनिटं भरभर चालून त्या दिवशी आणि दुसऱ्या सकाळीही नडगी गप्प राहिली की. पहिल्यांदा एक मिनिट जॉग, दोन मिनिटं चाल, असं आठ वेळा, झालं, घरी. एक दिवसाआड. आदल्या दिवशी सायकलवर चढ मारले असतील तर दुसऱ्या दिवशी पळू नका. दुखणं शून्य ते दहात मोजायचं, दोनच्या वर गेलं की चालायला लागायचं, आणि खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवताना, तेव्हा कालच्यापेक्षा जास्त दुखलं तर कालचं जास्त झालं, मग तुमचं घड्याळ काही का म्हणेना. दर आठवड्याला दहाच टक्के वाढवा हा नियम तुम्हाला सगळे ऐकवतील, मीही पूर्वी ऐकवायचे, पण नेदरलँड्समध्ये नवख्या धावणाऱ्यांवर त्याची चाचणी घेतली, २००८ मध्ये निकाल छापून आला, दहा टक्क्यांवाले आणि नेहमीच्या पद्धतीने वाढवणारे, दोन्ही गटांत साधारण पाचातला एक दुखापतीने बसलाच. त्यामुळे टक्के मोजण्यापेक्षा नडगी चाचपा.

नऊ आठवड्यांत होईल का? स्प्रिंट असेल तर होण्यासारखं आहे. ५ किमी सलग पळायला पाहिजे असं कुठेच लिहिलेलं नाही, नियमात पळणं किंवा चालणं दोन्ही चालतं, फक्त रांगायला बंदी आहे (हो, खरंच नियम आहे). चार मिनिटं पळणं, एक मिनिट चालणं या हिशोबाने सराव करा, शर्यतीतही तसंच करा. आणि शेवटच्या तीन आठवड्यांत सायकलवरून उतरून लगेच पळायचा सराव दोन-तीनदाच, दहा मिनिटांचा. पाय लाकडाचे झाल्यासारखे वाटतात ते कसं वाटतं एवढं कळलं की बास.

प्रश्न: मेहुण्याची रोडबाईक घेऊन सराव करतेय. २० किमी झाले की दोन्ही गुडघे समोरून दुखतात, वाटीच्या मागे कोणीतरी दाबल्यासारखं. जिना उतरताना जास्त. गुडघ्यातून कटकट आवाजही येतो. सायकल बंद करू का?

उत्तर: सायकल नका बंद करू, मेहुण्याचं सीट बदला. तो तुमच्यापेक्षा बुटका आहे का? गुडघा समोरून दुखतो तेव्हा पहिला संशय सीट खाली असल्याचा. कोणालातरी सायकल धरायला सांगा, वर बसा, टाच पेडलवर ठेवा आणि पेडल अगदी खाली न्या, त्या वेळी पाय पूर्ण सरळ झाला पाहिजे, कंबर एका बाजूला न कलता. मग पायाचा चवडा पेडलवर घेतला की गुडघ्यात आपोआप थोडा वाक येतो, साधारण २५ ते ३५ अंश, तो बरोबर. तुमचा बहुतेक बराच जास्त वाकत असणार, आणि जास्त वाकलेल्या गुडघ्याने जोर लावला की वाटी मांडीच्या हाडावर घासत दाबली जाते, तासाला पाच हजार वेळा. सीटच्या दांड्यावर आत्ता जिथे आहे तिथे इलेक्ट्रिकची काळी टेप गुंडाळून खूण करा, मग एका वेळी चार-पाच मिलिमीटरच वर घ्या आणि दोन-तीन दिवस चालवून बघा. एकदम दोन सेंटीमीटर वर घेतलंत तर गुडघ्याचा मागचा भाग किंवा बाहेरची बाजू दुखायला लागेल आणि तुम्ही मला पुन्हा पत्र लिहाल.

दुसरं म्हणजे गियर. नवीन माणूस जड गियर टाकून कण्हत पेडल मारतो कारण त्याला तसं जोरात चाललंय असं वाटतं. हलका गियर टाका आणि मिनिटाला ८०-९० फेऱ्या. पळतानाही तेच तत्त्व, लांब ढांगा टाकू नका, त्याच वेगाला पावलं पाच ते दहा टक्के वाढवा, गुडघ्यावरचा भार खरंच कमी होतो. पायरीवर एका पायाने उभं राहून दुसरी टाच हळूच खाली टेकवायची आणि परत वर, आरशासमोर करा, गुडघा आत वळत असेल तर खुब्याचे स्नायू कमी पडतायत.

कटकट आवाजाला घाबरू नका, नुसता आवाज असेल तर तो बहुतेक वेळा निरुपद्रवी असतो. पण गुडघा सुजला, अडकला किंवा चालताना दगा देऊन मुडपला तर दाखवायचं.

प्रश्न: फ्रीस्टाइल करताना उजवा खांदा पुढून दुखतो, तळहातावर बांधायचे प्लास्टिकचे पॅडल घालून ताकद वाढवावी म्हटलं तर आणखी वाढलं. शर्यत पाच आठवड्यांवर. ब्रेस्टस्ट्रोक केला तर चालेल का?

उत्तर: पॅडल आजच पिशवीत टाका आणि शर्यत होईपर्यंत काढू नका. दुखणाऱ्या खांद्याला मोठं वल्हं लावून ताकद येत नसते. मित्राला तुमचा व्हिडिओ काढायला सांगा, समोरून, आणि बघा हात पाण्यात शिरताना डोक्याच्या पुढे मधल्या रेषेपलीकडे जातो का, आणि अंगठा आधी शिरतो का. दोन्हीपैकी काही असेल तर तेच दुखणं. हात खांद्याच्या सरळ रेषेत, बोटांची टोकं आधी. श्वास एकाच बाजूला घेत असाल तर दुसऱ्याही बाजूला शिका, अंग दोन्हीकडे वळलं की खांद्यातली जागा दाबली जात नाही. पायांचा सराव करताना फळी समोर लांब धरू नका, तीही खांद्याला तसंच दाबते, हात अंगाशी ठेवून मारा. रबर बँडने मागे ओढायचे व्यायाम दिवसाआड.

ब्रेस्टस्ट्रोक चालेल, कुठलाही स्ट्रोक चालतो, पाठीवर तरंगलात तरी कोणी बाद करणार नाही, आणि दम लागला तर बोयाला (पाण्यात तरंगणाऱ्या खुणेच्या फुग्याला) किंवा उभ्या बोटीला धरून थांबताही येतं, फक्त धरून पुढे सरकायचं नाही. पण ब्रेस्टस्ट्रोकची लाथ गुडघ्याच्या आतल्या बाजूला ताण देते, त्यामुळे खांदा सोडून गुडघा धरू नका, मिसळून करा. त्या कुशीवर झोपताच येत नसेल किंवा हात वरच जात नसेल तर फिजिओला दाखवा.

प्रश्न: शर्यतीच्या सकाळी खबरदारी म्हणून पेनकिलर घेतली तर? सगळे घेतात.

उत्तर: नाही. इब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक या जातीच्या गोळ्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करतात, आणि तुम्ही दीड-दोन तास घाम गाळत असता तेव्हा तो आधीच कमी झालेला असतो. पोटाचं वेगळंच. शिवाय ज्या कळेने तुम्हाला थांबायला सांगायचं तिलाच तुम्ही झोपवून टाकताय. गोळीशिवाय सुरुवातच करता येत नसेल तर त्या दिवशी सुरुवात करायची नाही.

प्रश्न: नाव छापू नका. मी २४ वर्षांची, सात महिने सराव करतेय, ९ किलो वजन उतरलं, सगळे कौतुक करतात. पण या सात महिन्यांत दुसऱ्यांदा पायाच्या हाडाला स्ट्रेस फ्रॅक्चर झालंय. पाळी तीन महिने आलेली नाही, मैत्रीण म्हणते खेळाडूंना असं होतंच, उलट कटकट गेली.

उत्तर: अगं, मैत्रिणीचं हे अजिबात ऐकू नकोस. होतं बऱ्याच जणींना, पण म्हणून ते बरं नसतं. सरावात जेवढं जळतं तेवढं पोटात गेलं नाही की शरीर आधी जे खर्च टाळता येण्यासारखे आहेत ते बंद करतं, पाळी त्यातली पहिली, आणि त्याबरोबर इस्ट्रोजेन हे संप्रेरक खाली येतं म्हणजे हाडांची राखणही गेली. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये याला रेड-एस असं नाव दिलंय, मुलांनाही होतं, त्यांना फक्त पाळीसारखी खूण नसते म्हणून उशिरा कळतं. तुझा पाय हे तुझं मुख्य दुखणं नाहीये. स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा, दोन्ही फ्रॅक्चर आणि उतरलेलं वजन न लपवता सांग, रक्त आणि हाडांची घनता तपासायला लागेल, आणि खेळाडूंसोबत काम करणारा आहारतज्ज्ञ शोध. यंदाची शर्यत सोड. मला माहितीये हे वाचून राग येईल, मलाही आला होता, माझ्या वेळी मला आईने सांगितलं होतं आणि मी दोन दिवस बोलले नव्हते तिच्याशी.

प्रश्न: सराव माझी बायको करते, भोगतोय मी. बारा दिवसांपूर्वी पळताना तिचा घोटा मुरगळला. एक्सरे नॉर्मल. आता ती दिवसभर बर्फ लावून बसते, घड्याळ बघते आणि म्हणते सहा महिन्यांची मेहनत वाया गेली. किती दिवस बर्फ लावायचा आणि मी काय करू?

उत्तर: भाऊ, आधी बर्फाचं. १९७८ मध्ये गेब मर्किन नावाच्या डॉक्टरांनी आराम-बर्फ-दाब-उंचावर पाय हे सूत्र काढलं, सगळं जग ते पाळायला लागलं, आणि पुढे त्यांनीच सांगितलं की बर्फ आणि पूर्ण आराम यांनी भरून यायला उशीर होऊ शकतो. पहिले एक-दोन दिवस ठणका कमी करायला ठीक. बाराव्या दिवशी बर्फ फक्त तिला काहीतरी करतेय असं वाटावं म्हणून आहे. ती पायावर नीट वजन टाकून चालत असेल तर आता घोट्याला काम द्यायला हवं. सिंकपाशी दात घासताना दुखऱ्या पायावर उभं राहायचं, आधी हात टेकून, मग न टेकता, मग डोळे मिटून. डोळे मिटल्यावर ती हेलकावे खाईल तेव्हा तुम्ही शेजारी उभे राहा, हसू नका. मुरगळलेल्या घोट्याचा तोल जातो आणि तो परत आणला नाही तर तोच घोटा पुन्हा मुरगळतो, लोक हेच करत नाहीत. एका पायावर वीस टाचा उचलणं जमलं, चालताना लंगड नाही, की वर पहिल्या उत्तरात लिहिलंय तसा एक मिनिट पळायचा, दोन मिनिटं चालायचा प्रकार सुरू.

मेहनतीचं म्हणाल तर दहा-बारा दिवसांत जाणवण्यासारखं फार काही जात नाही. चांगल्या तयार खेळाडूंनी सराव पूर्ण बंद ठेवला तरी ऑक्सिजन वापरायची क्षमता पहिल्या तीन आठवड्यांत साधारण ७ टक्क्यांनी उतरते असं मोजलं गेलंय, आणि तुमची बायको तर पूर्ण बंदही नाही, म्हणजे नसावी. तिला आजच पोहायला न्या, मांड्यांमध्ये पुल बॉय (पाय तरंगते ठेवणारा फोमचा तुकडा) धरून फक्त हातांनी, भिंतीला रेटा चांगल्या पायाने. घरच्या ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर, सायकलही चालेल, पण पेडलमध्ये बूट अडकवायचे नाहीत, ते सोडवताना घोटा पिळला जातो.

आणि घड्याळातलं ते "तुमचा फिटनेस घसरतोय" सांगणारं नोटिफिकेशन गुपचूप बंद करून टाका. ती झोपलेली असताना, चार्जिंगला लावलेलं असतं तेव्हा.